आळीतले अळीकाका

आमचे अनंतकाका कोणाच्याही घरी गेले की आधी मागच्या पडवीत जातात. पिंपाचं झाकण काढतात, कंबरेत वाकतात, खिशातल्या टॉर्चचा झोत पाण्यात सोडतात आणि दोन मिनिटं श्वास रोखून उभे राहतात. मग मोरीतली बादली, मग तुळशीखालची ताटली. एवढं झाल्यावर पुढच्या खोलीत येऊन विचारतात, "काय, बरे हाव ना सगळे?" घरातली माणसं बरी राहणार आहेत की नाहीत, ते त्यांनी तोवर पाण्यावरून ठरवलेलं असतं.

आळीत त्यांना अळीकाका म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, आळीतले वडीलधारे म्हणून आळीकाका. तो प्रेमाने तशी हाक मारतो आणि काका थांबून त्याची चूक सुधारतात. "आळी नाय. अळी. पाण्यात वळवळते ती."

काका नोकरीला हिवताप खात्यात होते. हुद्दा कीटक समाहारक. म्हणजे सरकारी पगारावर डास पकडायचे. दिवेलागणीला गोठ्यात शिरायचं, भिंतीवर बसलेल्या डासावर काचेच्या नळीचं तोंड धरायचं आणि दुसऱ्या तोंडाने श्वास आत ओढायचा, की डास नळीत. मध्ये जाळीचा तुकडा असतो म्हणून तो पोटात जात नाही. एकदा ती जाळी फाटलेली निघाली होती. चव कशी लागली, असं मी विचारलं तर काका जरा आठवून म्हणाले, "काय खास नाय."

निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक भजनात जातात, नातवंडं सांभाळतात. काकांनी लग्नच केलेलं नाही. कारण विचारलं की सांगतात, "फिरतीची नोकरी होती." निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला उठले, खाकी पिशवी खांद्याला लावली आणि फिरतीवर निघाले. पगार थांबला होता, पण डासांना कोणी निवृत्त केलं नव्हतं.

माझं लग्न त्यांनीच जमवलं म्हणायचं. मुलगी बघायला आम्ही रोह्याला गेलो होतो. आई, वडील, मामा आणि शेजारी म्हणून काका. कांदेपोहे आले, मुलगी आली, नाव विचारून झालं, आणि काका गायब. मुलीचे वडील अस्वस्थ. मी जाऊन बघतो तर काका मागच्या दारी त्यांच्या पिंपात अर्धे गेलेले. ते हात पुसत बैठकीत आले आणि माझ्या वडिलांना सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी कशी हाय ते तुमी बघा. पिंप आतनं घासलेलं हाय. कडेला सुद्धा बोट लावून बघितलं. घर चांगलं." लग्न ठरलं. सुलभाशी आजही भांडण झालं की ती म्हणते, "मला तुम्ही कुठे पसंत केलंत? पिंपाला केलंत." लग्नात काकांनी आहेर दिला तो पाण्याच्या बाटलीतून. त्यात पाच गप्पी मासे होते. पुढे आळीत ज्याचं त्याचं लग्न झालं त्याला हेच मिळालं. गप्पी मासे अळ्या खातात आणि वाढतातही भराभर, त्यामुळे काकांचा आहेर दरवर्षी दुप्पट होतो.

प्रसंग कुठला, याचं काकांना भान नसतं. आळीतले एक आजोबा गेले तेव्हा आम्ही सगळे स्मशानात उभे होतो. मुलाने खांद्यावरून पाण्याचं मडकं घेऊन फेऱ्या घातल्या आणि ते मागे टाकून फोडलं. सगळीकडे शांतता. काका माझ्या कानाशी वाकले आणि समाधानाने म्हणाले, "ही पद्धत चांगली हाय. फोडूनच टाकतात."

महिला मंडळाने एकदा त्यांना व्याख्यानाला बोलावलं. काकांनी सुरुवातच केली, "चावते ती फक्त बाई. बुवा बिचारा फुलांच्या रसावर जगतो, कोणाच्या अध्यात नाय." पुढच्या दोन रांगा उठायला लागल्या. काका घाईघाईने म्हणाले, "बसा गो बसा. ती काय हौसेनं नाय चावत. पोटात अंडी असतात, त्यांच्यासाठी रक्त लागतं. आपल्यासाठी तिला पण रसच पुरतो." बायका खाली बसल्या. व्याख्यान संपल्यावर दोघी-तिघी डासांच्या बाजूने बोलत घरी गेल्या.

माणसांची वर्गवारीही ते याच हिशेबाने करतात. गटारात वाढणारा डास तो क्युलेक्स, स्वच्छ पाण्यात वाढणारा एडिस. निवडणुकीला उभा राहिलेला एक पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ आळीत हात जोडत फिरून गेला, तेव्हा काका म्हणाले, "हा एडिस. पाणी स्वच्छ लागतं आणि दिवसाढवळ्या चावतो."

धुराच्या मशीनचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. गाडी फटफटत आली की पोरं मागे धावतात, आळी पांढरी होते, सगळ्यांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं. काका खुर्चीत बसून राहतात. "मिरवणूक हाय ती. डास पत्र्यावर बसून बघतात. अळी पाण्यात हाय, तिला धूर लागतोय कुठं?"

आता आमचं हमरापूर म्हणजे गणपतीचे कारखाने. इथे घराला ओसरी नसली तरी चालते, कारखाना हवाच. माझाही आहे. शाडू भिजवायला टब, साचे धुवायला ड्रम, रंगाचे रिकामे डबे, मागे फुटक्या साच्यांचा ढीग. पावसाळ्यात एडिसला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. म्हणून पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून रेवती मॅडम इथे आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पायांत गमबूट, बोलणं मोजकं. त्यांनी कारखान्या-कारखान्यांत काळे डबे ठेवले. डब्यात थोडं पाणी आणि कडेला कापडाची पट्टी. एडिसची मादी त्या पट्टीवर अंडी घालते, आठवड्याने पट्टी काढून अंडी मोजायची, म्हणजे कुठल्या भागात डास किती ते कळतं. मॅडमनी घरोघर जाऊन समजावलं की डब्याला हात लावू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या.

काका तेव्हा चार दिवस बहिणीकडे गेले होते. ते शनिवारी परत आले आणि रविवारी सकाळी फेरीला निघाले.

सोमवारी मॅडम आल्या तेव्हा माझ्या अंगणात त्यांचे सगळे डबे होते. ओतलेले, नारळाच्या सोडणाने घासलेले आणि उन्हात पालथे घातलेले. शेजारी पट्ट्या दोरीवर वाळत होत्या. काका पायरीवर बसून घाम पुसत होते.

"कोण मूर्ख हाय कळत नाय," ते मॅडमनाच म्हणाले. "दर घरात काळा डबा, त्यात पाणी. असा शिस्तीत केलेला गाढवपणा मी उभ्या नोकरीत नाय बघितला."

मॅडम म्हणाल्या, "तो मूर्ख मी आहे."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, गमबुटांकडे बघितलं, मग दोरीकडे.

"अंडी मोजायची होती?"

"हो. आठवड्याभराचं काम होतं."

काकांचा चेहरा असा पडलेला मी पहिल्यांदाच बघितला. ते उठले, एक डबा सरळ करून हातात घेतला, पुन्हा ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तरी एक सांगू का मॅडम? तुमी डबे पुढं ठेवलेले, उजेडात. ती बाई उजेडात नाय बाळंत होत. तिला आडोसा लागतो. साच्यांच्या ढिगामागं ठेवा."

मॅडम रागातच होत्या, पण त्या खऱ्या संशोधक होत्या. त्यांनी डबे ढिगामागे ठेवले. पुढल्या सोमवारी पट्ट्या काळ्या ठिपक्यांनी भरल्या होत्या. त्या दिवसापासून काका मॅडमचे बिनपगारी सहायक झाले. मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघून डासाची जात सांगायच्या, काका तो भिंतीवर कसा बसलाय ते बघून. वाद झाला तर मॅडम पुस्तक काढायच्या आणि काका म्हणायचे, "पुस्तकाला इचारा, मी चहा घेतो."

एकदाच दोघांचं बिनसलं. मॅडमनी सांगितलं की डासांच्या पोटात एक प्रकारचे जिवाणू वाढवायचे, म्हणजे त्या डासांमधून डेंगी सहसा पसरत नाही. अशावर ठिकठिकाणी संशोधन चालू आहे. मग ते डास प्रयोगशाळेत वाढवून बाहेर सोडायचे.

"सोडायचे?" काका म्हणाले.

"हो. तेच मग बाहेरच्या डासांत मिसळतात."

"म्हणजे मी जन्मभर मारले आणि तुमी ते सोडणार."

दोन दिवस काका घराबाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीवर गेले आणि दारातूनच विचारलं, "सोडायच्या आधी मोजून तरी घेता ना?" मोजतात म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

हळूहळू मॅडमनी काम आसपासच्या गावांत नेलं. काकांच्या जुन्या फिरतीतली वाडी, जिते गावाच्या पुढची, तीही घेतली. तिथल्या नोंदी काका आणून द्यायचे. दोन महिन्यांनी ते कागद पसरून मॅडम माझ्या कारखान्यात बसल्या. मी सोंड चिकटवत होतो.

"काका, या वाडीत तुम्ही दर शनिवारी जाता ना?"

"जातो."

"मग या एका घरात दर वेळी अळ्या कशा? बाकीच्या घरांत कधी असतात, कधी नसतात. इथे मात्र एकही आठवडा चुकलेला नाही."

"असतं एखादं घर," काका म्हणाले आणि अचानक त्यांना माझ्या गणपतीची सोंड वाकडी वाटायला लागली.

मॅडम सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या शनिवारी माझ्या टेम्पोतून आम्ही तिघं त्या वाडीत गेलो. घर बायजाकाकू नावाच्या म्हातारीचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही मुलगे पनवेलला. सारवलेलं अंगण, चकचकीत हंडे, पिंप कोरडं आणि पालथं. दारात नळ, रोज पाणी. मॅडमनी सगळीकडे टॉर्च मारला, कुठे काही नाही. काका मात्र सरळ घराच्या मागे गेले. पत्र्याच्या पागोळीखाली एक जुनं पातेलं होतं आणि ते काठोकाठ भरलेलं होतं. आत अळ्या वळवळत होत्या.

काकांनी आवाज चढवला. "बायजाकाकू, कितीदा सांगायचं गो तुला? कान हायेत की भोकं? डेंगीनं मेलीस तर पोरं मला इचारतील, अनंता काय करत होता. माणसाला एकदा सांगितलं की कळतं, म्हशीला दोनदा सांगितलं की कळतं. तू कोण हायेस?"

म्हातारी पदर तोंडाला लावून उभी होती. मान खाली होती, पण खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. नीट बघितलं तर हसत होती. काका पातेलं ओतून सोडणाने घासायला बसले, तेव्हा मॅडमनी तिला हळूच विचारलं, "आजी, बाकीचं घर इतकं लख्ख आणि हे एकच भांडं असं का?"

म्हातारीने काकांकडे बघून घेतलं. ते पाठमोरे होते.

"अळी नाय सापडली तर यो दारातनंच पुढल्या घराला जातो," ती म्हणाली. "अळी सापडली की वरडतो. वरडून घसा सुकतो. मंग बसतो, चहा घेतो. दुसरं कोण येतं माझ्याकडं?"

मॅडमनी वही मिटली.

परत येताना मी टेम्पो हमरस्त्याला घेतला. मग मॅडमनी विचारलं, "काका, तुम्हाला माहीत आहे ना, ती मुद्दाम ठेवते ते?"

"मला काय माहीत?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. जरा वेळाने आपणहूनच बोलायला लागले. "अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. मी सातव्या दिवशी जातो. ओततो, घासतो. पाऊस असो, ताप असो, आजवर एक शनवार चुकवलेला नाय. त्या पातेल्यातनं एक डास उडालेला नाय, मॅडम. तुमच्या कागदावर ते घर वाईट दिसत असंल. पण उडालेला एक नाय."

हमरापूर येईपर्यंत मॅडम कागदांच्या कडा सारख्या करत राहिल्या.

आणि मग ऐन गर्दीच्या दिवसांत, गणपतीला जेमतेम पंधरवडा उरलेला असताना, काकांना डेंगी झाला.

तीन दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मी दार ढकललं तेव्हा ते खाटेवर तापाने फणफणत होते, पण भोवती मच्छरदाणी नीट खोचलेली. मी हात आत घालायला गेलो तर म्हणाले, "जाळी उचलू नकोस. आता ती बाई मला चावून दुसऱ्याला ताप देईल." मॅडमनी आणि मी त्यांना उचलून पेणच्या दवाखान्यात नेलं. प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या. हिरड्यांतून थोडं रक्त आलं तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. अर्धी आळी दवाखान्याबाहेर जमली होती. कोणी पपईच्या पानांचा रस आणला होता, कोणी अंगारा. ज्यांच्या घरी काकांनी जन्मभर डबे ओतले ते सगळे होते. सुलभा आल्या आल्या कोपऱ्यातली पाण्याची बादली ओतून आली.

मॅडमनी काकांच्या घराची तपासणी केली. पिंप कोरडं, मोरी कोरडी, कुंड्या नव्हत्याच. शेवटी त्यांनी फ्रिज पुढे ओढला. तो पुतण्याने वर्षापूर्वी दिला होता. मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं आणि त्यात अळ्या. आळीतल्या यच्चयावत फ्रिजमागे टॉर्च मारणाऱ्या माणसाने स्वतःचा फ्रिज कधी हलवला नव्हता. आपल्या घरी कोण येतंय तपासायला, आणि आपण कोणाकडे गेलो की बघायचं, या हिशेबात तो राहून गेला असावा.

मॅडमनी हे काकांना सांगितलं. काकांनी डोळे मिटून घेतले. "लिहिलंत?"

"लिहावं लागतं, काका."

"लिहा. नाव घालू नका. घर नंबर घाला."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांना जरा नीट बोलता यायला लागलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं पुतण्याला फोन करायला सांगतायत.

"मन्या, उद्या शनवार."

"हो. मी जाऊन ओतून येतो. काळजी करू नका."

"नुसतं ओतून यायचं नाय," काका म्हणाले. सलाईनचा हात त्यांनी मच्छरदाणीतून बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. "वरडायचं. मंग बसायचं."

शनिवारी रंगाऱ्यांवर कारखाना टाकून मी टेम्पो काढला. बायजाकाकू अंगणात उभीच होती. टेम्पोच्या दुसऱ्या बाजूने कोणी उतरतं का, ते तिने वाकून बघितलं.

"अनंता कुठं?"

"बरं नाही त्यांना. पेणला दवाखान्यात आहेत. उतार आहे आता."

मी मागे गेलो. पातेलं भरलेलं होतं. ओतलं, सोडण घेऊन घासलं, पालथं घातलं आणि म्हटलं, "काकू, असं पाणी ठेवू नये हं."

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "तू नीट नाय वरडलास."

मी मूर्ती करणारा माणूस, मोठ्याने बोलायची मला सवय नाही. पण सकाळीच एका रंगाऱ्याने अख्ख्या रांगेतल्या गणपतींचे डोळे तिरळे करून ठेवले होते. ते डोळ्यांपुढे आणले आणि सुरू झालो. म्हशीचं सांगितलं, कानांचं सांगितलं, पोरं मला विचारतील ते सांगितलं. शेजारच्या घरातली दोन माणसं बाहेर येऊन बघायला लागली. म्हातारी मान खाली घालून ऐकत होती. यावेळी खांदे हलत नव्हते.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "घसा सुकला असंल. बस."

चहा झाला. काकांना जेवण जातं का, उशाला कोण बसतं, एवढंच तिने विचारलं. मी निघालो तशी ती माझ्याबरोबर मागे आली. पालथं घातलेलं पातेलं उचललं, नळाखाली धरून काठोकाठ भरलं आणि दोन्ही हातांनी सांभाळत पुन्हा पागोळीखाली ठेवलं.

"पुढल्या शनवारी त्यालाच धाड," ती म्हणाली. "तवर बरा झाला असंल."